दगड कुठे आहे? डोक्याच्या आणि चेहऱ्याच्या एक्स-रेची पोझिशन समजून घेताना

शिकाऊ असताना मी काढलेली सायनसची, म्हणजे चेहऱ्याच्या हाडांतल्या हवेच्या पोकळ्यांची, एक फिल्म अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. मुंबईतलं एक मोठं रुग्णालय, दुपारची वेळ, बाहेर बाकांवर रांग. टॅक्सी चालवणारे एक काका गाल ठणकतो, डोकं जड होतं म्हणून आले होते. मी त्यांना स्टँडसमोर बसवलं, हनुवटी टेकवली आणि एक्सपोजर दिलं. फिल्म धुऊन आली तेव्हा दोन्ही गालांमागच्या पोकळ्यांच्या तळाशी पांढुरकं काहीतरी भरलेलं दिसत होतं. पू साचलाय, असंच मला वाटलं. आमच्या सिनियर मॅडमनी ती फिल्म व्ह्यूबॉक्सवर लावली, क्षणभर पाहिली आणि विचारलं, "दगड कुठे आहे?"

मला प्रश्नच कळला नाही. मॅडम स्वतः आत आल्या. काकांच्या हनुवटीखाली बोट ठेवून म्हणाल्या, "काका, अजून थोडी वर करा... बस." दुसऱ्या फिल्ममध्ये दोन्ही पोकळ्या स्वच्छ काळ्या होत्या. पू नव्हताच. मी काकांची मान पुरेशी मागे नेली नव्हती, म्हणून कानापासून आत जाणाऱ्या हाडाची सावली पोकळीत येऊन बसली होती. त्या माणसाला नसलेला आजार रिपोर्टवर चिकटला असता. शिवाय माझ्यामुळे त्यांना किरणांचा एक डोस जास्त गेला, तो काही परत घेता येत नाही. तेव्हापासून कवटीची कुठलीही फिल्म हातात आली की मी आधी दगड शोधते. विद्यार्थ्यांनाही हेच आधी शिकवते, कारण माझ्या मते कवटीच्या पोझिशनिंगचा निम्मा विषय या एका प्रश्नात आहे.

दगड म्हणजे काय? कानशिलाच्या हाडाचा, म्हणजे शंखास्थीचा एक भाग कानापासून आत आणि पुढे जातो. आडव्या पडलेल्या पिरॅमिडसारखा त्याचा आकार असतो. कवटीतलं हे सर्वांत घट्ट हाड. ऐकण्याची आणि तोल सांभाळण्याची नाजूक यंत्रणा याच्याच पोटात असते. इंग्रजीत त्याला पेट्रस म्हणतात, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थच खडकासारखं. त्याच्या वरच्या कडेला पेट्रस रिज म्हणतात. एक्स-रे या हाडातून फारसे पलीकडे जाऊ शकत नाहीत, म्हणून फिल्मवर ते ठळक पांढरं दिसतं. हे दोन दगड, डावा आणि उजवा, डोक्याच्या मध्यभागाच्या आसपास असे बसलेत की समोरून पाहिलं तर काही ना काही झाकणारच.

दादरच्या प्लॅटफॉर्मवर आपण उभे असतो आणि इंडिकेटर खांबाआड जातो. खांब हलत नाही, इंडिकेटरही हलत नाही. आपण दोन पावलं बाजूला सरकतो आणि गाडीची वेळ दिसते. डोक्याच्या एक्स-रेमध्ये दगड हा खांब आहे, आणि सायनस, डोळ्याची खोबण, गालाचं हाड हे इंडिकेटर. पोझिशनिंग म्हणजे कुठे आणि किती सरकायचं हे ठरवणं. एक्स-रे ही शेवटी सावली आहे. कवटीत ८ आणि चेहऱ्यात १४, अशा २२ हाडांची सावली एकाच सपाट पडद्यावर एकावर एक पडते. छातीत निदान हवा भरपूर असते. डोक्यात सगळी दाटीच.

आता थोडं स्वतःच्या चेहऱ्यावर बोट फिरवा. वाचताना केलंत तर जास्त कळेल. दोन भुवयांच्या मधे, जिथे टिकली लावतात, तो सपाट भाग म्हणजे ग्लॅबेला. तिथून खाली उतरताना नाकाच्या सुरुवातीला खळगा लागतो, तो नेझिऑन. नाक आणि वरचा ओठ जिथे मधोमध मिळतात, तो अकँथिऑन. काजळाची रेघ बाहेरच्या बाजूला जिथे संपते, तो डोळ्याचा बाहेरचा कोपरा. डोळ्याखाली हाडाची कड लागते, ती खोबणीची खालची कड. आणि इअरफोन जिथे घालतो, ते कानाचं छिद्र. एवढ्या खुणा बोटांना ओळखता आल्या पाहिजेत. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. गाल सुजलेला असतो, पट्टी बांधलेली असते, म्हातारपणी चेहरा ओघळलेला असतो. कातडी फसवते, हाड फसवत नाही.

या खुणा जोडून रेषा होतात. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून कानाच्या छिद्रापर्यंतची रेषा ही सगळ्यांत महत्त्वाची. तिचं नाव ऑर्बिटोमिएटल लाइन, आमच्या बोलण्यात ओएम लाइन. खोबणीच्या खालच्या कडेपासून कानापर्यंत जाते ती दुसरी, इन्फ्राऑर्बिटोमिएटल. बोलताना मी तिला खालची रेषा म्हणते. जवळपास याच रेषेवर मानववंशशास्त्रज्ञांनी १८८४ साली फ्रँकफर्टला एकमत केलं होतं, कवट्या मोजताना सगळ्यांनी त्या सारख्याच ठेवाव्यात म्हणून. राँटगेनना एक्स-रे सापडले ते त्यानंतर ११ वर्षांनी, ८ नोव्हेंबर १८९५ला. या दोन रेषांमध्ये साधारण ७ अंशांचा फरक असतो. हे सात अंश लक्षात ठेवा, पुढे कामी येतील.

विद्यार्थी अडखळतात ते पुढच्या मुद्द्यावर. ट्यूब म्हणजे किरण सोडणारी नळी. पुस्तकात लिहिलेलं असतं, "ट्यूब १५ अंश खाली." ते पाठ करतात, ट्यूब १५ अंश वाकवतात आणि तरी फिल्म चुकते. कारण तो कोन ट्यूब आणि भिंत यांच्यामधला नाहीच. तो किरण आणि ओएम लाइन यांच्यामधला आहे. पेशंटची मान आधीच दहा अंश वाकलेली असेल, तर ट्यूबच्या डायलवर कितीही अचूक आकडा आला तरी उपयोग नाही. त्यामुळे आधी रेषा बघायची, मग ट्यूब. माझ्या विद्यार्थ्यांना मी शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक खिशात ठेवायला सांगते. आधी एकमेकांच्या चेहऱ्यावर मोजायचं, मग पेशंटकडे वळायचं.

हे एकदा पटलं की वेगवेगळ्या नावांचे व्ह्यू एका जिन्यासारखे दिसू लागतात. पेशंट डिटेक्टरकडे, म्हणजे चित्र टिपणाऱ्या पाटीकडे, तोंड करून आहे आणि किरण मागून येतायत, असं धरा. नाक आणि कपाळ दोन्ही टेकलेले, ओएम लाइन डिटेक्टरला काटकोनात, किरण सरळ. किरण आणि रेषा यांच्यातला कोन शून्य. दगड कुठे? बरोबर डोळ्यांच्या खोबणीत, ती पूर्ण भरून टाकतो. कपाळाचं हाड छान दिसतं, खोबण नाही. आता किरण १५ अंश पायाकडे झुकवा. दगड घसरून खोबणीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात येतो. कपाळामागचं सायनस आणि खोबणीचा वरचा भाग मोकळा होतो. हा कॉल्डवेल व्ह्यू. तो ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते अमेरिकी डॉक्टर यूजीन कॉल्डवेल १९१८ साली एक्स-रेमुळेच झालेल्या इजांनी गेले. त्या पिढीच्या अनेकांनी हे ज्ञान स्वतःच्या हातांची बोटं गमावून मिळवलंय. शिसं घातलेला एप्रन अंगावर चढवताना मला त्यांची आठवण होते.

पुढची पायरी. हनुवटी आणि नाक दोन्ही टेकलेले, कपाळ सुटलेलं. ओएम लाइन डिटेक्टरशी ५५ अंशांवर, म्हणजे किरणांशी ३५वर. दगड आता गालाच्या सायनसच्या खालच्या अर्ध्या भागात उतरला. खोबणीचा तळ मोकळा झाला. क्रिकेटचा चेंडू डोळ्यावर बसला आणि तो तळ फुटल्याची शंका असेल, तर हा सुधारित वॉटर्स. आणि शेवटची पायरी म्हणजे खरा वॉटर्स. फक्त हनुवटी टेकलेली, नाक थोडं सुटलेलं, ओएम लाइन डिटेक्टरशी ३७ अंशांवर, किरणांशी ५३वर. दगड सायनसच्या तळाच्या जरासा खाली. गालाची पोकळी संपूर्ण उघडी. चार्ल्स वॉटर्स यांनी १९१५च्या सुमारास ही पद्धत मांडली, आणि "पीएनएस वॉटर्स" (पीएनएस म्हणजे नाकाभोवतालची सायनस) असं केस पेपरवर लिहिलेलं आपण आजही वाचतो.

शून्य, १५, ३५, ५३. दगड प्रत्येक वेळी एक मजला खाली. असं का होतं? तराजूचं एक पारडं वर गेलं की दुसरं खाली येतं. हनुवटी पुढच्या पारड्यात, दगड मागच्या. हनुवटी वर गेली की दगड खाली जातो. माझ्या काकांच्या फिल्ममध्ये दगड सायनसच्या तळात होता, म्हणजे मी वॉटर्स समजून सुधारित वॉटर्स काढला होता. फिल्मच सांगत होती की हनुवटी अजून वर हवी, आणि साधारण किती वर हवी तेही. उलट हनुवटी प्रमाणाबाहेर वर गेली तर दगड खूप खाली जातो आणि सायनस चेपल्यासारखं आखूड दिसतं. म्हणून दगड खाली असणं एवढंच पुरत नाही, तो तळाला लागूनच खाली हवा. एक बारकावा आणखी. सरासरी डोक्यात हे दगड मधल्या रेषेशी सुमारे ४७ अंश करतात, लांबट डोक्यात ४० आणि रुंद डोक्यात ५४. त्यामुळे पुस्तकातला आकडा सगळ्या डोक्यांना तंतोतंत लागत नाही. फिल्म बघून दोन-चार अंशांची जुळवाजुळव करावी लागते.

सायनससाठी पेशंटला बसवूनच का घ्यायचं, हे मला पहिल्या वर्षी कुणी नीट सांगितलं नव्हतं. अर्धी भरलेली पाण्याची बाटली हातात घ्या. उभी धरली तरी आणि तिरकी धरली तरी पाण्याची पातळी आडवीच राहते. सायनसमध्ये द्रव असेल तर त्याचीही पातळी अशीच आडवी असते. ती रेघ दिसायची असेल तर किरणही आडवाच गेला पाहिजे. पेशंट झोपलेला आणि किरण वरून खाली असेल, तर वरून बाटलीत डोकावल्यासारखं होतं. पाणी आहे की नाही कळतं, पातळी दिसत नाही. म्हणून पेशंटला बसवायचं, द्रव खाली बसायला काही मिनिटं द्यायची आणि ट्यूब आडवी ठेवायची. मग कॉल्डवेलचे १५ अंश कुठून आणायचे? डोक्यातून. नाक टेकवून कपाळ थोडं मागे घ्यायचं, ओएम लाइन १५ अंश तिरकी होते. ट्यूब वाकवली काय आणि डोकं वाकवलं काय, दगडाला फक्त दोघांमधला कोन कळतो.

मागच्या हाडासाठी, म्हणजे डोक्याच्या पाठीकडच्या भागासाठी, दिशाच उलटी. पेशंट पाठ टेकून, हनुवटी छातीकडे, किरण समोरून ओएम लाइनला ३० अंश पायाकडे. चेहऱ्याची सारी गर्दी खाली फेकली जाते. हा टाउन्स व्ह्यू. इथे दगडासोबत आणखी एक खूण तपासायची. कवटीच्या तळाला मोठं छिद्र आहे, ज्यातून मज्जारज्जू खाली उतरतो. पिट्यूटरी ग्रंथी ज्या छोट्या खाचेत बसते, त्या खाचेची मागची भिंत या छिद्रात मधोमध दिसली की पोझिशन बरोबर. ती छिद्राच्या वर राहिली तर कोन कमी पडला. मानेच्या पहिल्या मणक्याची मागची कमान तिच्यावर चढली तर जास्त झाला. आणि पेशंटला हनुवटी खाली घेताच येत नसेल तर? मग जबरदस्ती करायची नाही. खालची रेषा काटकोनात आणायची आणि ट्यूबमध्ये ते सात अंश मिळवायचे. ३०चे ३७ होतात, चित्र तेच येतं.

बाजूने घेतलेल्या फिल्मबद्दल एवढंच सांगते, कारण तिथे दगडापेक्षा जोड्या बघायच्या असतात. डोक्याचे डावा-उजवा असे दोन भाग करणारी मधली पातळी डिटेक्टरला समांतर, डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्यांना जोडणारी रेघ काटकोनात, किरण कानाच्या छिद्राच्या सुमारे ५ सेंटीमीटर वर. डाव्या-उजव्या खोबणीची छतं एकावर एक बसली पाहिजेत आणि जबड्याच्या मागच्या उभ्या फांद्याही. जोडी पुढे-मागे सुटली असेल तर डोकं वळलेलं आहे. वर-खाली सुटली असेल तर ते कललेलं आहे. वळणं आणि कलणं या दोन वेगळ्या चुका आहेत. नेमकी कुठली झालीय हे न बघता पुन्हा एक्सपोजर दिलं तर बहुतेक वेळा तीच चूक पुन्हा होते. कॉल्डवेल-वॉटर्समध्ये वळण ओळखायचं असेल तर खोबणीच्या बाहेरच्या कडेपासून कवटीच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. सारखं असलं पाहिजे.

पेशंटला बसवण्याआधी चिमटे, क्लिपा, कानातले, चमकी, चष्मा, श्रवणयंत्र, कवळी, गळ्यातली साखळी सगळं काढायचं. ओली किंवा घट्ट वेणीसुद्धा हाडावर पट्टा उमटवते, ती सोडून मोकळी करायची. वर्षानुवर्षांची चमकी काढताना आजींना अवघड वाटतं. घाई करू नका, का काढायची ते सांगा आणि ती त्यांच्याच रुमालात बांधून त्यांच्याच हातात द्या.

समोरचा चेहरा डिटेक्टरकडे का, किरण मागून का, हेही लोक विचारतात. एक कारण स्पष्टतेचं आहे. चेहऱ्याची हाडं डिटेक्टरजवळ असली की सावली रेखीव येते, मोठी होत नाही. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. डोळ्यातलं भिंग किरणांना संवेदनशील असतं, मोतीबिंदूचा धोका असतो. किरण मागून आले तर डोळ्यापर्यंत पोचेपर्यंत कवटीने बहुतेक शोषलेले असतात, त्यामुळे भिंगाला कित्येक पटींनी कमी डोस मिळतो. देशातल्या एक्स-रे यंत्रांवर देखरेख करणारं अणुऊर्जा नियामक मंडळ आपल्या मुंबईतच, अणुशक्तीनगरला आहे. १९८३पासून ते नियम घालून देतंय. पण यंत्र नियमात असलं तरी चुकीच्या पोझिशनमुळे दुसऱ्यांदा दाबलेलं बटण कुठलंही मंडळ थांबवू शकत नाही. ते आपल्याच हातात असतं.

आता एक गोष्ट अगदी ठामपणे सांगायला हवी. अपघात होऊन डोक्याला मार लागला असेल, पेशंट बेशुद्ध पडला असेल, उलट्या होत असतील, तर साध्या एक्स-रेची वेळ नसते. तिथे सीटी स्कॅन. एक्स-रेत हाड दिसतं, मेंदू आणि त्यातला रक्तस्राव दिसत नाही. कवटीचा एक्स-रे नॉर्मल आला म्हणून आत रक्त साचलेलं नाही असं म्हणताच येत नाही. "एक्स-रे क्लिअर आहे ना, मग घरी नेतो" असं म्हणणाऱ्या नातेवाईकांना मी प्रत्येक वेळी थांबवून डॉक्टरांकडे परत पाठवते. आणि मानेला कॉलर असेल, मणका सुरक्षित असल्याचं डॉक्टरांनी अजून सांगितलं नसेल, तर वर सांगितलेलं हनुवटी वर-खाली करणं पूर्ण बंद. पेशंट जसा आहे तसा राहील आणि फिरायचं ते ट्यूबने. कॉल्डवेलची दिशा उलटवून किरण समोरून १५ अंश डोक्याकडे देता येतो. चेहरा थोडा मोठा आणि कमी रेखीव येतो, ते चालवून घ्यायचं. बाजूची फिल्म किरण आडवा ठेवून घ्यायची. त्यात नाकामागच्या खोल सायनसमध्ये द्रवाची पातळी दिसली तर कवटीचा तळ फुटल्याचा संशय घ्यायचा. पेशंटला स्ट्रेचरवर हलवणाऱ्या मामांनाही हे आधीच सांगून ठेवा.

मग हे सगळं शिकायचं कशाला? कारण कामं अजून आहेत. मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशंटची कवटी, जिथे हाडात छर्रे लागल्यासारखी भोकं दिसतात. डोक्यातलं पाणी पोटात नेणारी नळी कुठे तुटली का ते बघणं. साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम करणाऱ्या माणसाचा एमआरआय ठरलाय आणि डोळ्यात लोखंडाचा कण अडकलेला नाही ना हे आधी तपासणं, कारण तो चुंबक त्या कणाला हलवू शकतो. नाकाचं हाड, जबडा, गालाची कमान. कमानीसाठी डोकं पार मागे नेऊन किरण हनुवटीखालून वर पाठवतात. मग दोन्ही कमानी घागरीच्या कानांसारख्या बाजूला सुटून दिसतात. मानेला इजा असेल तर हा व्ह्यू अजिबात नाही.

गेल्या पावसाळ्यात लालबागच्या एका चाळीतल्या आजी आल्या होत्या. आदल्या दिवशी ओल्या जिन्यात घसरल्या आणि हनुवटीवर पडल्या. डॉक्टरांनी डोकं आणि मान तपासून ठीक असल्याचं लिहिलं होतं, पण आजींना तोंड उघडताना कानापुढे कळ येत होती. हनुवटीवर मार बसला की जबडा पुष्कळदा वर, कानाजवळ मोडतो. तो सांधा बघायला टाउन्ससारखाच व्ह्यू लागतो, फक्त ओएम लाइनशी ३५ अंशांचा. माझी विद्यार्थिनी आत होती, मी काचेमागे. आजींच्या पाठीला पोक. हनुवटी छातीकडे जाईना. तिने दोनदा "आजी, जमतंय का बघा" म्हटलं आणि सोडून दिलं. मग तिने आजींच्या डोळ्याखालच्या कडेवर बोट ठेवलं, दुसरं कानाशी नेलं, मानेखाली चादरीची घडी सरकवून ती रेषा काटकोनात आणली आणि ट्यूब ४२वर नेली. मी तिला हा आकडा कधी सांगितला नव्हता. "आजी, श्वास घ्या, सोडा, थांबा..." पडद्यावर चित्र आलं तेव्हा दोन्ही सांधे मोकळे दिसत होते आणि डाव्या बाजूला जबड्याच्या कानाजवळच्या टोकाखालची बारीक मान आत वाकलेली होती. ती चित्राकडे बघत होती. मी काही विचारायच्या आधीच तिने दोन्ही दगडांवर एकेक बोट ठेवलं.